‘पिशवीतील दोष’ : गर्भाशयाच्या रचनाभेदांची नावे आणि उपचारापूर्वीची तयारी

मूल होत नाही म्हणून तपासणीस गेलेल्या स्त्रीचा अहवाल घरी आला म्हणजे त्यातील इंग्रजी शब्दांचे बहुधा एकच मराठी रूपांतर होते : ‘पिशवीत दोष आहे’. हे रूपांतर खोटे नसते. परंतु ते अपुरे असते, आणि ह्या अपुरेपणाची किंमत कोशकारापेक्षा रुग्णालाच अधिक द्यावी लागते. गर्भाशयाच्या ज्या निरनिराळ्या घडणींना हे एकच वाक्य लावले जाते, त्यांपैकी एका घडणीत लहानशी शस्त्रक्रिया सुचविली जाते, दुसरीत तीच शस्त्रक्रिया घातक ठरू शकते, तिसरीत काहीच करावयाचे नसते, तर चौथीत मूत्रपिंडाची तपासणी आधी करणे हिताचे असते. सारांश, येथे नाव हाच उपचाराचा पहिला भाग होय. प्रस्तुत लेखात ह्या नावांचा उगम, त्यांतील भेद आणि कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारापूर्वी करावयाच्या तयारीशी त्यांचा असलेला संबंध यांचा विचार केला आहे.

१. अहवालाचा प्रवास

विवेचनास एखादे विशिष्ट स्थळ डोळ्यांपुढे असणे सोयीचे असते. त्या दृष्टीने हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव हे तालुक्याचे गाव येथे घेतले आहे. परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. सेनगाव तालुका त्याच्या विदर्भाकडील सीमेवर असून पलीकडे वाशीम जिल्हा लागतो. हा सारा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे येथील मराठीत ‘दवाखाना’, ‘इलाज’, ‘तब्येत’ हे शब्द जितके घरचे आहेत, तितकाच दख्खनी बोलणाऱ्या शेजाऱ्यांचा ‘बच्चादानी’ हा शब्दही ओळखीचा आहे. तांड्यांवर बंजारा बोली आहे. दवाखान्यात मात्र अहवाल इंग्रजीत मिळतो.

गावातील स्त्री प्रथम आशा सेविकेशी किंवा जवळच्या डॉक्टरांशी बोलते; सोनोग्राफीसाठी तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या गावी जाते; पुढे नांदेड अथवा छत्रपती संभाजीनगर गाठते. नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ पासूनचे आहे. हिंगोलीचे २०२४ साली सुरू झाले. ह्या प्रत्येक टप्प्यावर सांगणारा बदलतो, आणि सांगणारा बदलला की शब्दही बदलतो. एके ठिकाणी ‘पडदा’ म्हणून सांगितलेली गोष्ट दुसरीकडे ‘दोन पिशव्या’ होते, आणि घरी पोचेपर्यंत ‘पिशवी खराब’ होते. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर शब्दाचा अर्थविस्तार होत जातो. रुग्णाच्या दृष्टीने पाहिले तर माहिती गळत जाते.

२. लोकभाषेतील शब्द

‘गर्भाशय’ हा संस्कृत वैद्यकग्रंथांतून आलेला शब्द मराठीत लिखित भाषेपुरता राहिला. बोलीत चालतो तो ‘पिशवी’ किंवा ‘गर्भपिशवी’ हा शब्द. पिशवीचे काम धरून ठेवण्याचे. ती धड असते किंवा फाटकी असते, आणि फाटकी पिशवी शिवता तरी येते किंवा टाकून देता येते. प्रत्यक्षात गर्भाशय हा जाड स्नायूंचा अवयव आहे. त्याच्या आतील पोकळी एखाद्या चपट्या त्रिकोणासारखी असते, आणि महत्त्वाचा प्रश्न त्याच्या धडफाटकेपणाचा नसून आतील व बाहेरील आकाराचा असतो. ‘पिशवी’ ह्या रूपकात आत आणि बाहेर हा भेदच दिसत नाही. पुढे दिसून येईल की, सारे निदान नेमके ह्याच भेदावर उभे आहे.

रूपकाचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. पिशवी खराब झाली तर काढून टाकावी, हा विचार शब्दातच दडलेला आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. त्या प्रश्नाची कारणे आर्थिक व सामाजिक होती, केवळ शाब्दिक नव्हती, हे उघड आहे. तथापि ‘पिशवीला सूज आहे’, ‘पिशवी खराब आहे’ एवढ्या मोघम निदानावर मोठा निर्णय घेतला जाऊ शकतो, याचे ते ठळक उदाहरण होय.

जुना शब्द ‘कूस’ हा संस्कृत ‘कुक्षि’पासून आला. ‘कूस उजवणे’ ह्या प्रयोगात अवयवापेक्षा प्रसंगाला महत्त्व आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भ राहण्यास ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज ही चार साधने सांगितली आहेत. त्यांपैकी क्षेत्र म्हणजे गर्भाशय. चारही सुस्थितीत असावी लागतात, ही त्या विवेचनातील समतोल भूमिका लोकव्यवहारात टिकली नाही. पीक आले नाही की जमिनीला नाव ठेवावयाचे, ह्या न्यायाने दोष एकट्या क्षेत्राकडे गेला. ‘वंध्या’पासून आलेला ‘वांझ’ हा शब्द स्त्री, गाय व झाड ह्या सर्वांना लागतो. पुरुषाला मात्र तो सहसा लावला जात नाही. वाक्यरचनाही हेच सांगते. ‘तिला मूल होत नाही’ असे म्हटले जाते; ‘त्या दोघांना’ असे क्वचितच.

वैद्यक ह्याबाबतीत व्याकरणाशी सहमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार १२ महिने वा अधिक काळ नियमित व निरोधाविना संबंध असूनही गर्भ न राहणे म्हणजे वंध्यत्व, आणि जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणही पूर्णतः अथवा अंशतः असते. म्हणून स्त्रीच्या अहवालात गर्भाशयाचा रचनाभेद आढळला, एवढ्यावरून मूल न होण्याचे कारण सापडले असे होत नाही. गर्भाशयाची घडण वेगळी असलेल्या अनेक स्त्रियांना कोणत्याही उपचाराविना मुले झालेली असतात, आणि त्यांपैकी कित्येकींना आपल्या घडणीचा पत्ताही नसतो.

३. दोन नलिकांचे एक गर्भाशय

रचनाभेद का होतात, हे समजल्याविना त्यांची नावे समजत नाहीत. गर्भाशय हा मुळात एक अवयव नव्हे. तो दोहोंचा एक झालेला आहे. भ्रूणावस्थेत सहाव्या आठवड्याच्या सुमारास डावी व उजवी अशा दोन नलिका उत्पन्न होतात. योहानेस म्यूलर ह्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८३० साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना ‘म्यूलेरियन नलिका’ असे नाव पडले. त्यांचे वरचे भाग वेगळे राहतात व त्यांच्या दोन गर्भनलिका बनतात. दवाखान्यात ‘नळ्या’ म्हणतात त्या ह्याच. खालचे भाग जवळ येऊन एकमेकांस जोडले जातात. जोडले गेल्यानंतरही मध्ये काही काळ एक भिंत राहते. ती विसाव्या आठवड्यापर्यंत विरून जाते, आणि आत एकच पोकळी उरते.

म्हणजे क्रिया तीन : उत्पत्ती, जोडणी व मधल्या भिंतीचे विरणे. ह्या तिहींपैकी कोणती अपुरी राहिली, त्यावर आकार ठरतो. हा आकार जन्मापूर्वीच ठरलेला असतो. स्त्रीच्या खाण्यापिण्यामुळे, श्रमामुळे किंवा सासरी आल्यानंतरच्या कोणत्याही वर्तनामुळे तो उत्पन्न होत नाही, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

हे भेद दुर्मीळही नाहीत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक समालोचनात, सर्वसाधारण स्त्रियांत त्यांचे प्रमाण सुमारे ५.५ टक्के, वंध्यत्व असलेल्यांत ८ टक्के, गर्भपात झालेल्यांत १३.३ टक्के आणि वंध्यत्व व गर्भपात दोन्ही असलेल्यांत २४.५ टक्के आढळले. ह्या आकड्यांचा रोख ध्यानात घेण्याजोगा आहे : रचनाभेदाचा संबंध गर्भ राहण्यापेक्षा राहिलेला गर्भ टिकण्याशी अधिक दिसतो.

४. आकारांची नावे

उत्पत्ती अपुरी राहिली तर दोनपैकी एकाच नलिकेचे गर्भाशय बनते. त्यास ‘युनिकॉर्न्युएट’ म्हणजे एकशिंगी गर्भाशय म्हणतात. लॅटिनमध्ये ‘कॉर्नू’ म्हणजे शिंग. अशा गर्भाशयाची पोकळी लहान असते. दुसऱ्या बाजूस कधी एक खुरटलेले शिंग असते, आणि त्यात आतील अस्तर असेल तर तेथे गर्भ राहून शिंग फुटण्याचा धोका असतो. म्हणून ते आधी काढावयास सांगतात. मूत्रसंस्थेची घडण त्याच काळात व त्याच परिसरात होत असल्याने ह्या प्रकारात साधारण दहापैकी चौघींत मूत्रपिंडाचाही रचनाभेद आढळतो.

जोडणी मुळीच झाली नाही तर दोन स्वतंत्र गर्भाशये व दोन मुखे राहतात. ह्यास ‘डायडेल्फिस’ म्हणतात. ग्रीकमध्ये ‘डेल्फिस’ म्हणजे गर्भाशय. अमेरिकेतील ओपोसम ह्या शिशुधान प्राण्यास लिनीअसने हेच नाव दिले. ‘दोन पिशव्या’ हे मराठी वर्णन खऱ्या अर्थाने ह्या एकाच प्रकारास लागू पडते. व्यवहारात मात्र ते तिन्ही-चारी प्रकारांना लावले जाते.

जोडणी खाली झाली पण वर अपुरी राहिली तर ‘बायकॉर्न्युएट’ म्हणजे दुशिंगी गर्भाशय होते. त्याचा माथा बाहेरूनच खचलेला असतो. ‘शिंग’ हा शब्द ऐकून स्त्रिया बिचकतात, यात नवल नाही. झाडाच्या फांदीचे बेचके शेतकरी घरात सर्वांनी पाहिलेले असते. ‘बेचक्यासारखे गर्भाशय’ असे म्हटले तर आकारही कळतो आणि भीतीही उरत नाही.

जोडणी पूर्ण झाली, पण मधली भिंत विरली नाही, तर ‘सेप्टेट’ म्हणजे पडद्याचे गर्भाशय होते. त्याचा माथा बाहेरून सरळ असतो. विभागणी केवळ आत असते. भिंतीचा अगदी थोडा अंश राहून माथा आतून किंचित वाकलेला दिसला तर त्यास ‘आर्क्युएट’ म्हणजे कमानदार म्हणतात. हा बहुधा प्राकृत आकाराचाच एक प्रकार समजला जातो व त्यास उपचाराची गरज नसते. पोकळी अरुंद असून इंग्रजी टी अक्षरासारखी दिसल्यास ‘टी-आकाराचे’ म्हणतात. आईला गर्भारपणी डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे औषध दिले गेले होते, अशा मुलींत हा आकार विशेषत्वाने आढळला. गर्भारपणी ते देऊ नये असा इशारा अमेरिकेत १९७१ साली दिला गेला.

शेवटचा प्रकार म्हणजे गर्भाशयच न बनणे. सुमारे ४,५०० ते ५,००० मुलींमागे एकीत असे घडते. मेयर, रोकिटान्स्की, क्यूस्टर व हाउझर ह्या चौघांच्या नावाने ही अवस्था ओळखली जाते. तिच्यात बीजकोश सामान्य असतात, मुलगी वयात येते, पण पाळी येत नाही.

जन्मजात भेदांहून वेगळे असे नंतर उद्भवणारे विकारही आहेत : फायब्रॉइडच्या गाठी, अस्तरावरील कोंब, आणि आतील भिंती एकमेकांस चिकटणे. चिकटण्याची कारणे बहुधा क्युरेटिंग व जंतुसंसर्ग ही असतात. आपल्याकडे जननेंद्रियांचा क्षय हे त्यांतील महत्त्वाचे कारण होय. ‘पिशवीत दोष’ ह्या वाक्यात हे सारे एकत्र कोंबले जाते, हे विसरता कामा नये.

५. एकच छाया, दोन नावे

आता मुख्य मुद्द्याकडे वळावयाचे. वंध्यत्वाच्या तपासणीत ‘नळ्यांचा फोटो’ नेहमी काढला जातो. गर्भाशयमुखातून क्ष-किरणांस अडविणारे द्रव्य आत सोडून त्याची छाया टिपतात. पाळीचा रक्तस्राव थांबल्यानंतर व बीज बाहेर पडण्यापूर्वी ही तपासणी करतात. ही छाया पोकळीची असते, गर्भाशयाच्या बाह्य आकाराची नव्हे. परिणामी पडद्याचे गर्भाशय व बेचक्याचे गर्भाशय ह्या दोहोंची छाया जवळजवळ सारखीच पडते : वर फाकलेल्या दोन शाखा. माथा बाहेरून सरळ आहे की खचलेला, हे त्या चित्रात कळतच नाही.

फरक मात्र मोठा आहे. पडदा असेल तर तो गर्भाशयमुखातून दुर्बीण घालून, पोटावर छेद न घेता, कापता येतो. बेचके असेल तर मध्ये पडदा नसून दोन शिंगांमधील मोकळी जागा असते. तेथे आतून कापू गेल्यास गर्भाशयास भोक पडून बाहेरील अवयवांना इजा होऊ शकते. बेचक्याची दोन शिंगे पोट उघडून जोडण्याची शस्त्रक्रिया जर्मन शल्यविशारद पाउल श्ट्रासमान यांनी १९०७ साली वर्णिली. आज ती क्वचितच केली जाते. म्हणून केवळ छायाचित्रावरून लिहिलेले ‘सेप्टेट किंवा बायकॉर्न्युएट’ हे शब्द म्हणजे निदान नव्हे, निदानाची सुरुवात होय. त्रिमितीय सोनोग्राफी किंवा एमआरआय यांत आतील व बाहेरील दोन्ही रेषा दिसतात व प्रश्न सुटतो. त्रिमितीय सोनोग्राफी पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात केल्यास अस्तर जाड असल्याने पोकळी अधिक स्पष्ट दिसते.

येथवर प्रश्न दिसण्याचा होता. पुढचा प्रश्न नाव देण्याचा आहे. अमेरिकन फर्टिलिटी सोसायटीने १९८८ साली एक वर्गीकरण केले; युरोपातील दोन संस्थांनी २०१३ साली दुसरे; आणि अमेरिकन सोसायटी फॉर रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिनने २०२१ साली तिसरे. आतील भिंतीची लांबी गर्भाशयाच्या भित्तिकेच्या जाडीच्या निम्म्याहून अधिक असली की युरोपीय वर्गीकरण तिला पडदा म्हणते. २०२१ चे अमेरिकन वर्गीकरण लांबी १ सेंटिमीटरहून अधिक व कोन ९० अंशांहून कमी असा निकष लावते. त्यामुळे एकाच स्त्रीचे एकच गर्भाशय एका पद्धतीने ‘पडद्याचे’ व दुसरीने ‘प्राकृत’ ठरू शकते. शरीर बदललेले नसते. बदललेली असते ती व्याख्या. अहवालात कोणती व्याख्या वापरली आहे व मापे किती आली आहेत, हे विचारणे त्यामुळे आगाऊपणाचे नसून आवश्यक ठरते.

पडदा कापल्याने लाभ होतो का, हाही प्रश्न निकालात निघालेला नाही. पूर्वीच्या अनेक निरीक्षणांत शस्त्रक्रियेनंतर गर्भपात कमी झालेले दिसले. परंतु त्यांत तुलनेसाठी समान गट नव्हते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत ८० स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी केली होती. पडदा कापलेल्या ३९ पैकी १२ जणींना, म्हणजे ३१ टक्क्यांना, आणि न कापलेल्या ४० पैकी १४ जणींना, म्हणजे ३५ टक्क्यांना, जिवंत मूल झाले. चाचणी लहान होती, म्हणून तिच्यावरून अंतिम निर्णय काढणे योग्य नव्हे. तरीही ‘पडदा आहे, म्हणून तो कापलाच पाहिजे’ हे वाक्य आज निःशंकपणे म्हणता येत नाही. पूर्वीचे गर्भपात, पडद्याची लांबी, स्त्रीचे वय ह्या सर्वांचा विचार करून तज्ज्ञ व दांपत्य यांनी मिळून निर्णय घ्यावा लागतो.

६. उपचारापूर्वीची तयारी

भारतात शरीराबाहेर फलन करून मूल जन्मास आणण्याचा इतिहास कलकत्त्यातील डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्यापासून, म्हणजे १९७८ पासूनचा आहे. मुंबईत ६ ऑगस्ट १९८६ रोजी के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून असे मूल जन्मले. ‘टेस्ट ट्यूब बेबी’ हे नाव तेव्हापासून घरोघर पोचले, आणि एक गैरसमजही पोचला. मूल नळीत वाढत नाही. बीज व शुक्रजंतू यांचा संयोग तबकडीत होतो. काही दिवसांनी गर्भ गर्भाशयात सोडावा लागतो, आणि पुढचे नऊ महिने तेथेच जावयाचे असतात. म्हणजे ह्या उपचाराने बंद नळ्यांची अडचण ओलांडता येते, गर्भाशयाची ओलांडता येत नाही. रचनाभेद असलेल्या स्त्रीने तयारीवर विशेष भर द्यावयाचा तो ह्याच कारणास्तव.

तयारीचा पहिला भाग म्हणजे कागदपत्रे. पूर्वीचे सर्व अहवाल, चित्रांसह, तारखेच्या क्रमाने एका पिशवीत ठेवावेत; केवळ निष्कर्षाचा कागद पुरेसा नसतो, कारण दुसऱ्या तज्ज्ञास चित्रच पाहावयाचे असते. पूर्वी गर्भपात झाला असल्यास तो कितव्या महिन्यात झाला, क्युरेटिंग झाले का, हे लिहून ठेवावे. पाळीच्या तारखा, वेदना, क्षयाचा पूर्वेतिहास यांचीही नोंद असावी.

दुसरा भाग म्हणजे आकाराचे नाव निश्चित करणे; त्याचे विवेचन वर झालेच आहे. त्याबरोबर मूत्रपिंडांची सोनोग्राफी करून घ्यावी. अस्तरावर कोंब वा चिकटलेले भाग आहेत का, हे दुर्बिणीने पाहता येते. पडदा कापला असल्यास गर्भ सोडण्यापूर्वी अस्तर भरून येण्यास डॉक्टर सांगतील तितका अवकाश द्यावा.

तिसरा भाग दोघांचा आहे. पतीची वीर्यतपासणी आरंभीच व्हावी; स्त्रीच्या अनेक तपासण्या झाल्यावर शेवटी ती करणे हा कालाचा व पैशाचा अपव्यय होय. स्त्रीच्या बीजकोशांची क्षमता, थायरॉइड, रक्तातील साखर व हिमोग्लोबिन यांच्या तपासण्या ह्याच टप्प्यात येतात. गर्भधारणेच्या निदान एक महिना आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड घ्यावे, असा सर्वमान्य सल्ला आहे. तंबाखू व मिश्री सोडणे हीसुद्धा तयारीच होय, आणि ती दोघांनाही लागू आहे.

चौथा भाग गर्भ सोडण्याच्या पद्धतीविषयीचा. घडण वेगळी असल्यास आधी रिकामी नळी घालून मार्गाची चाचणी घेतात व प्रत्यक्ष वेळी सोनोग्राफीच्या दर्शनाखाली गर्भ सोडतात. दोन पोकळ्या असल्यास कोणत्या पोकळीत सोडावयाचा, हे आधी ठरलेले असावे. एका वेळी एकच गर्भ सोडण्याचा आग्रह धरणे श्रेयस्कर. एकाच खर्चात जुळी मुले होतील, हा मोह समजण्याजोगा आहे. परंतु लहान पोकळीत जुळ्यांचा भार म्हणजे अकाली प्रसूतीस आमंत्रण होय.

पाचवा भाग प्रसूतीचा, आणि सेनगावसारख्या ठिकाणी तो सर्वांत आधी विचारात घ्यावा लागतो. एकशिंगी, दुशिंगी व दुहेरी गर्भाशयांत दिवस पूर्ण होण्यापूर्वी प्रसूती होणे, मूल आडवे वा पायाळू असणे यांचे प्रमाण अधिक असते. सिझेरियनही अधिक वेळा करावे लागते. गर्भाशयमुखाची लांबी मधूनमधून मोजावी लागते. म्हणून उपचार कोठे घ्यावयाचा ह्याबरोबरच प्रसूती कोठे व्हावयाची, नवजात बालकांचा अतिदक्षता विभाग कोणत्या रुग्णालयात आहे आणि अवेळी तेथे कसे पोचता येईल, हे गर्भ राहण्यापूर्वीच ठरविणे इष्ट. उपचार करणारे केंद्र शहरात व सातव्या महिन्यातील स्त्री गावात, अशी स्थिती पुष्कळदा असते. त्या मधल्या अंतराची तरतूद कोणत्याही औषधपत्रिकेत लिहिलेली नसते.

७. कायद्यातील नावे

२०२१ चे साहाय्यित प्रजननतंत्र नियमन व सरोगसी नियमन हे दोन कायदे २५ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. पहिल्यानुसार अशी केंद्रे नोंदणीकृत असली पाहिजेत, आणि उपचारासाठी स्त्रीचे वय २१ ते ५० व पुरुषाचे २१ ते ५५ असावे लागते. केंद्राची नोंदणी आहे का, हे आरंभीच पाहावे.

दुसऱ्या कायद्याच्या २०२२ च्या नियमांत सरोगसीस पात्र ठरविणाऱ्या कारणांत गर्भाशय नसणे किंवा ते ‘अॅबनॉर्मल’ असणे, हे कारण दिले आहे. उदाहरणादाखल खुरटलेले गर्भाशय, आतील भाग चिकटणे, पातळ अस्तर, लहान एकशिंगी व टी-आकाराचे गर्भाशय यांची नावे आहेत. पडद्याचे वा दुशिंगी गर्भाशय त्या उदाहरणांत नाही. अर्थात अहवालातील नाव हा येथे केवळ वैद्यकीय शब्द राहत नाही. तो हक्काचा शब्द होतो. ‘पिशवीत दोष’ ह्या शब्दांनी कायद्यासमोर काहीच सिद्ध होत नाही.

गर्भाशय नसलेल्या स्त्रीपुढे अलीकडे आणखी एक मार्ग आला आहे. प्रत्यारोपित गर्भाशयातून पहिले मूल स्वीडनमध्ये २०१४ साली जन्मले. भारतातील पहिले गर्भाशय प्रत्यारोपण पुण्यात गॅलेक्सी केअर रुग्णालयात १८ मे २०१७ रोजी डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या पथकाने केले; आईचे गर्भाशय मुलीस दिले गेले. त्याच रुग्णालयात १८ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रत्यारोपित गर्भाशयातून भारतातील पहिले मूल जन्मले. हा मार्ग खर्चाचा, दीर्घ औषधोपचारांचा व अजून मोजक्यांचाच आहे. तथापि ज्या अवस्थेस लोकभाषेत केवळ शेवटचा शब्द होता, तिला पुढचे वाक्य मिळाले, एवढे खरे.

८. संमतीची भाषा

भारतीय कायद्याने भाषेचा प्रश्न अगदीच दुर्लक्षिलेला नाही. गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्यात गर्भवतीची लेखी संमती तिला समजणाऱ्या भाषेत घ्यावी, असे म्हटले आहे. सरोगसीच्या कायद्यातही सरोगेट मातेच्या संमतीबाबत तशीच तरतूद आहे. परंतु संमतीपत्र मराठीत छापले म्हणजे ते समजले असे होत नाही. ‘द्विशृंगी गर्भाशय’ हा शब्द मराठी आहे खरा, पण सेनगावच्या बाजारात तो ‘बायकॉर्न्युएट’ इतकाच परका आहे. पारिभाषिक शब्द कोशासाठी हवा, समजावण्यासाठी चित्र व घरचा शब्द हवा. आणि दोहोंची सांगड घालणारे एक वाक्य अहवालावर मराठीत लिहिलेले हवे. उदाहरणार्थ, ‘बाहेरून सरळ, आत पडदा, लांबी इतकी’ किंवा ‘बाहेरून बेचके, आत पडदा नाही, कापू नये’. अशा एका ओळीने पुढच्या दवाखान्यातील डॉक्टरांचे, आशा सेविकेचे व घरातील वडीलधाऱ्यांचे काम एकाच वेळी होते.

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा की, गर्भाशयाची घडण वेगळी असलेल्या स्त्रीची तयारी तीन प्रश्नांपासून सुरू होते : आकाराचे नेमके नाव काय, ते कोणत्या तपासणीवरून व कोणत्या मापाने ठरले, आणि त्या नावाने उपचारात व प्रसूतीत काय बदलते. ह्या तीन प्रश्नांची उत्तरे तिच्या भाषेत तिच्या हाती आली, म्हणजे ‘दोष’ हा शब्द आपोआप मागे पडतो. उरतो तो एक आकार : जन्मापूर्वी ठरलेला, मोजता येणारा आणि ज्याच्याविषयी शांतपणे निर्णय घेता येईल असा.